इंटरनेटचे पहिले नकाशे आणि बडोद्याचे माप

एखाद्या नकाशाचे परीक्षण साहित्य-संस्कृतीला वाहिलेल्या नियतकालिकात यावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परीक्षण व्हावे ते काव्यसंग्रहाचे, कादंबरीचे, फार तर एखाद्या कोशाचे. परंतु ज्या नकाशांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत त्यांनी एका कथेस आकार दिला आहे, आणि ती कथा पाठ्यपुस्तकांपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत एकाच चालीवर सांगितली जाते. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संगणकांमध्ये पहिला संदेश गेला. १९७३ साली ते जाळे नॉर्वे व लंडन येथे पोहोचले. पुढे एकामागून एक देश जोडले गेले, आणि पाहता पाहता सारे जग एक झाले. यातील घटना खऱ्या आहेत. आमचा आक्षेप आहे तो 'देश जोडला गेला' या वाक्यास. या वाक्यात जोडले जाते ते नेमके कोण, हे कोणी विचारीत नाही. आणि बडोद्यासारख्या गावी बसून मराठी वाचणाऱ्या माणसास तर ते विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

प्रथम नकाशांविषयी. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक लॉरेन्स लँडवेबर यांनी सप्टेंबर १९९१ पासून १९९७ पर्यंत जगाच्या संगणक-संपर्काचे नकाशे वेळोवेळी सिद्ध केले. लँडवेबर हे केवळ निरीक्षक नव्हते. ज्या विद्यापीठांस अमेरिकी सैन्याच्या जाळ्यात प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी १९८१ साली सुरू झालेल्या 'सीएसनेट'च्या उभारणीत ते अग्रभागी होते. त्यांच्या नकाशात देशांचे चार वर्ग होते : ज्यांस इंटरनेट आहे ते, ज्यांस बिटनेट हे विद्यापीठीय जाळे आहे पण इंटरनेट नाही ते, ज्यांस केवळ पत्रव्यवहारापुरती सोय आहे ते, आणि ज्यांस काहीच नाही ते. प्रत्येक वर्गास एक रंग. वर्षावर्षांचे नकाशे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पहिल्या वर्गाचा रंग उत्तर अमेरिका व पश्चिम युरोप येथून निघून दक्षिणेस आणि पूर्वेस कसा सरकत गेला हे एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. एवढ्या थोडक्या रेषांत एवढा मोठा कालखंड आणून ठेवणे, हे काम सामान्य नव्हे. नकाशाकार म्हणून लँडवेबर यांस आम्ही पहिल्या प्रतीचे गुण देऊ.

रंग सरकण्याचा क्रमही मनोरंजक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे जाळे, म्हणजे 'एनएसएफनेट', हा त्या काळचा राजमार्ग होता. त्यास १९८८ साली कॅनडा, फ्रान्स व उत्तरेकडील डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे, स्वीडन हे देश मिळाले. १९८९ साली जपान, जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी. १९९० साली ब्राझील, अर्जेंटिना, चिली, ग्रीस, आयर्लंड, दक्षिण कोरिया यांच्याबरोबर भारत. आणि १९९१ साली पोलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, ट्यूनिशिया. भारताचा क्रमांक पोर्तुगालच्या आधी लागतो. गोव्यातील आमच्या वाचकांस या तपशिलाची गंमत वाटावी.

आता या १९९० च्या भारतात काय होते ते पाहावे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन, १९८६ साली 'एर्नेट' ही योजना हाती घेतली. तिच्यात आरंभी आठ संस्था होत्या : दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. जुहूच्या केंद्रातून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत भाड्याने घेतलेली एक तार होती. तिचा वेग सेकंदास ९,६०० बिट. एवढ्यावर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा प्रदेश नकाशात एका रंगाने भरून निघाला. गुजरातमध्ये आरंभीच्या आठांपैकी एकही संस्था नव्हती. बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ पासून होते, खते व पेट्रोरसायने यांचे कारखाने होते, अभियांत्रिकीचे नावाजलेले महाविद्यालय होते. परंतु नकाशातील रंग या सर्वांवरून गेला तो त्यांस स्पर्श न करता.

कोणी म्हणेल की, नकाशाला हा दोष देणे अन्यायाचे आहे. जगाच्या नकाशात बडोद्याएवढा ठिपका कोठून दाखवावा? हे आम्हांस मान्य आहे. लँडवेबर यांनी आपल्या परीने प्रामाणिकपणाही राखला होता. नकाशासोबतच्या कोष्टकांत बिटनेटसारख्या जाळ्यांसाठी त्यांनी दोन पायऱ्या केल्या : देशात एक ते पाच केंद्रे असतील तर लहान लिपीतील अक्षर, म्हणजे 'अल्प', पाचांहून अधिक असतील तर मोठे अक्षर, म्हणजे 'व्यापक'. ही टीप आम्ही प्रथम वाचली तेव्हा पुन्हा एकदा वाचली. सहा केंद्रे झाली की प्रसार व्यापक! आइसलंडसाठी हे माप ठीक असेल. परंतु तेच माप ८४ कोटींच्या देशास लावले तर त्यातून निघणारा शब्द हा वर्णन राहत नाही. चूक टीप लिहिणाराची नाही. ती आहे टीप सोडून रंगच वाचणारांची, आणि त्यांत आमचे पत्रकार, मंत्री व अनेक प्राध्यापक येतात.

मग दुसरे माप कोणते? बडोद्यास ते शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत आहे. खालच्या मजल्यावर उजेड पोहोचावा म्हणून तिच्या पुस्तकदालनांस काचेच्या लाद्यांची जमीन आहे, आणि लहानपणी त्या काचेवर पाय टाकताना आम्हांस धडकी भरत असे. १९०६ च्या अमेरिका-प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून सयाजीराव गायकवाड यांच्या मनात आपल्या राज्यासाठी तशीच व्यवस्था करण्याचे आले, आणि १९१० साली त्यांनी विल्यम अॅलनसन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग काढले, वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत रचली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फिरत्या पेट्यांची योजना चालू केली. लाकडी पेटीत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके घालून ती खेड्यात पाठवायची. जाण्यायेण्याचे भाडे ग्रंथालयाने सोसायचे. वाचणाराकडून काही घ्यायचे नाही. जेथे गावास स्वतःचे ग्रंथालय हवे तेथे खर्चाचा तिसरा हिस्सा गावाने उभा करायचा, तिसरा स्थानिक मंडळाने आणि तिसरा सरकारने. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे त्रैभाषिक नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती व मराठी असे तीन विभाग होते.

या व्यवस्थेत 'प्रसार' हा शब्द मोजला जात होता तो पेटी जेथे उघडली जाते तेथे. मुंबईच्या गोदीत पुस्तकांची खेप उतरली म्हणून बडोदे राज्य 'वाचू लागले' असे बॉर्डन यांनी कोठे लिहिले नसते.

येथे आम्ही एक हिशेब मांडून पाहिला. वाचकांनीही पडताळून पाहावा. ९,६०० बिटांच्या तारेतून सेकंदास सुमारे १,२०० रोमन अक्षरे जातात. दोनशे पानांचे इंग्रजी पुस्तक, पानास दोन हजार अक्षरे धरली, तर साडेपाच मिनिटांत पलीकडे पोहोचते. तीस पुस्तकांची बॉर्डन यांची पेटी पावणेतीन तासांत रिकामी होते. म्हणजे जुहूची ती एकुलती एक तार आज हास्यास्पद वाटली तरी तशी दुबळी नव्हती. आगगाडी आणि बैलगाडी यांच्यापेक्षा ती केव्हाही चपळ होती. उणीव होती ती तारेच्या अलीकडच्या टोकाशी पेटी उघडून बसणाऱ्या माणसाची. जुहूपासून पुढच्या वाटेचे भाडे कोणी द्यायचे, याचा विचार त्या योजनेत नव्हता, कारण ती संशोधकांसाठी होती आणि संशोधक आठ ठिकाणी होते.

तथापि बडोद्याच्या गतवैभवाचे पोवाडे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या कामास येथे माणसांची वाण नाही. पेटीच्या व्यवस्थेत दोन दोष होते व ते लहान नव्हते. पेटीत काय जावे हे वरून ठरत असे. खेड्यातील वाचक पुस्तक घेऊ शके, परंतु आपले लिहिलेले पेटीत घालून परत पाठवू शकत नसे. इंटरनेटने जे खरोखर नवे केले ते हे परतीचे दार, आणि त्याचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल. दुसरा दोष याहून कठोर आहे. ज्या शहरातून या पेट्या विनामूल्य निघत होत्या, त्याच शहरात सप्टेंबर १९१७ मध्ये, संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस राहण्यासाठी खोली मिळाली नाही. पारशी विश्रांतिगृहात पारशी नावाने काढलेले थोडे दिवसही लोकांनी लाठ्या घेऊन संपवले. पुस्तक सर्वांसाठी आणि पायरी मात्र काहींसाठीच, हेही बडोद्यानेच पाहिले आहे. माप घ्यायचे ते हे ध्यानात ठेवून.

तार आणि घर यांच्यामधले अंतर ज्या साधनाने तुटायचे होते ते साधन टेलिफोन, आणि त्या प्रकरणात बडोद्याचा एक धागा आहे. सॅम पित्रोदा हे १९६४ साली येथील विद्यापीठातून पदार्थविज्ञानातील एम.एस्सी. होऊन अमेरिकेस गेले. ते परतल्यावर १९८४ साली 'सी-डॉट' स्थापन झाले. त्या संस्थेने खेड्यांसाठी लहान, वातानुकूलनाची गरज नसलेले टेलिफोन केंद्र बनवले. १२८ जोडांचे असे पहिले केंद्र जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. धूळ, उकाडा आणि वीज जाणे हे भारतीय यंत्राच्या नशिबी आहेच असे गृहीत धरून केलेले ते यंत्र. आमच्या मते भारतातील इंटरनेटच्या प्रसाराचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले प्रकरण जुहूचे नसून कित्तूरचे असावे. १९९१ मध्ये देशात शंभर माणसांमागे एकसुद्धा टेलिफोन नव्हता. नाक्यानाक्यावरच्या पिवळ्या एसटीडी खोक्यांनी ज्यांस प्रथम परगावचा आवाज ऐकवला, त्यांतल्याच अनेक दुकानदारांनी पुढे त्या खोक्याशेजारी एक संगणक मांडून 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली.

सामान्य नागरिकास इंटरनेट विकत मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत. बडोद्यापासून मुंबई लोहमार्गाने ३९० किलोमीटरांवर आहे. तेथवर परगावच्या दराने फोन लावून संथपणे ओळी उतरवायच्या म्हणजे काय खर्च, याचा अंदाज ज्यांनी मीटरकडे पाहत पाहत फोनवर बोललेले आहे त्यांस सहज येईल. निगमाची मक्तेदारी नोव्हेंबर १९९८ मध्ये संपली व मग इतर कंपन्या आल्या. हा भाग सर्वपरिचित आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट याच्याही पुढे आहे. तार आली, टेलिफोन आला, दर उतरले. तरी मराठी वाचकाच्या दारात मराठी आली नव्हती. आम्हांस १९९९ च्या सुमाराची एक दुपार आठवते. रावपुऱ्यातील एका सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरून आम्ही पुण्यामुंबईचे एक दैनिक उघडले. टपालाने दुसऱ्या दिवशी येणारे वृत्तपत्र त्याच दिवशी वाचायला मिळणार, या कल्पनेने आम्ही शेजारच्या दोघांस उगाच बोलावून घेतले होते. पडद्यावर आली ती उलट्यासुलट्या रोमन अक्षरांची व चिन्हांची रांगोळी. त्या दैनिकाचा विशिष्ट फाँट त्या यंत्रात नव्हता. तो उतरवून घेण्यास यंत्राच्या मालकाची परवानगी लागे आणि आमचा अर्धा तास संपत आला होता. त्या काळी जवळजवळ प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा, त्याच्या आतील संकेत निराळे. एकाचे मराठी दुसऱ्यास निरर्थक. नकाशाच्या भाषेत त्या दुपारी बडोदे पूर्णपणे जोडलेले होते.

यास कारण असे की, हे जाळे जन्मले ते अमेरिकी संकेतप्रणाली घेऊन. तिच्यात १२८ स्थाने, आणि त्यांतील अक्षरे इंग्रजीपुरती. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले, परंतु जगाच्या यंत्रांनी ते वापरले नाही. जगाच्या सर्व लिप्यांस एका कोष्टकात बसवणाऱ्या 'युनिकोड'चा पहिला ग्रंथ ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात देवनागरी होती. तारीख वाचकांनी ताडून पाहावी : लँडवेबर यांचा पहिला नकाशा सप्टेंबर १९९१ चा. एका महिन्याच्या अंतराने देशांची यादी आणि अक्षरांची यादी या दोन्ही गोष्टी जगापुढे आल्या. पहिली जगभर फिरली, दुसरीचे नाव आमच्याकडे दहा वर्षे कोणास ठाऊक नव्हते. सर्वसाधारण यंत्रात देवनागरी आपसूक दिसू लागली ती 'विंडोज २०००' पासून पुढे. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी. आणि मराठीतील 'ॲ' या स्वरास, ज्यावाचून आम्हांस 'ॲसिड' लिहिता येत नाही, युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर 'अ'च्या डोक्यावर चंद्र बसवून काम चालवावे लागे. आता मराठी प्रसाराचा नकाशा कोणी काढला तर त्यात भारतास रंग कोणत्या वर्षी द्यावा? आम्ही १९९० कदापि लिहिणार नाही. फार उदार होऊन २००३ लिहू.

कोंकणीची कथा याहून गुंतागुंतीची, आणि तिचा अभ्यास व्हावा असे आम्हांस मनापासून वाटते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतील कोंकणी असे ठरवले. १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. परंतु आरंभीच्या जाळ्यात जी कोंकणी विनासायास प्रवास करू शकली ती रोमी. काही सानुनासिक खुणांचा तोटा सोसला की त्या १२८ स्थानांत ती मावत होती. म्हणजे कायद्याने जिला बाजूस ठेवले तिला यंत्राने आधी उचलले, आणि कायद्याने जिला मान दिला तिला यंत्राच्या दारात दहा-बारा वर्षे ताटकळावे लागले. यात न्याय झाला की अन्याय, यावर या पृष्ठांचे दोन कोंकणी वाचक एकमत होतील अशी आमची अपेक्षा नाही. पण कोणती लिपी 'स्वाभाविक' हे सांगताना दोन्ही पक्षांनी हा अपघात विसरू नये. लिपीला मिळालेली चाल ही कधी कधी फक्त तारेच्या सोयीची असते.

बडोद्याच्या मराठी घरांत हा प्रश्न तिसऱ्याच रूपाने आला आहे. येथे साहित्य संमेलने १९०९, १९२१ व १९३४ साली भरली आणि त्यानंतर थेट २०१८ साली. मधल्या काळात मराठी शाळा रोडावल्या. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकली. घरी ती मराठी बोलतात, परंतु अनेकांस देवनागरी मराठी वाचताना अडखळायला होते. त्यांच्यासाठी इंटरनेट मराठी घेऊन आले ते नाटकांच्या चित्रफितींतून, गाण्यांतून, कानांनी. आणि लिहायची वेळ आली म्हणजे ती मुले रोमन लिपीत मराठी लिहितात, कारण कळफलक तसाच शिकला गेला. १९३१ साली याच शहरातून 'श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू' निघाला, ज्यात कारभारातील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी, बंगाली असे पर्याय ओळीने मांडले होते. त्या ओळीत रोमन मराठी नावाचा रकाना पुढे कधी लागेल, असे त्याच्या संपादकांच्या स्वप्नातही आले नसेल.

आमच्या परिचयाच्या एक आजी दांडिया बाजारात राहतात; नातू न्यू जर्सीत. आजी फोनच्या काचेवर बोटाने गिरवून देवनागरी लिहितात व त्यात त्यांचे ऱ्हस्वदीर्घ अद्याप कडक आहे. उन्हाळ्यात त्यांनी छुंद्याची बरणी कोणाबरोबर धाडली आणि 'मिळाला का' म्हणून विचारले. उत्तर दोन मिनिटांत आले, रोमन लिपीत. आजींस रोमन येत नाही. त्यांनी शेजारच्या गुजराती मुलीस हाक मारली. मुलीने अक्षरे लावून मोठ्याने वाचले, "आजी, पोचलं, मस्त झालंय." 'पोचलं'मधला च तिने गुजराती च सारखा म्हटला, आणि आजींनी तो तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला.